चाकांवरच्या फळीचे कूळ

नागपूरहून भंडाऱ्याकडे निघालेल्या महामार्गावर, कन्हान नदीच्या सान्निध्यात मौदा वसले आहे. एकेकाळी येथील माणसास मुलांसाठी एखादी नवलाची वस्तू हवी असली, की सीताबर्डीची फेरी करावी लागे. आता ती वस्तू खोक्यात बंद होऊन घराच्या ओट्यापर्यंत चालत येते. परीक्षेचा निकाल चांगला लागला, म्हणून नातवाने मागितलेला स्केटबोर्ड अशाच एका खोक्यातून आला, असे समजा. खोक्याच्या दर्शनी बाजूस लाल पान छापलेले, त्याखाली ‘सात थर, कॅनेडियन मेपल’ अशी अक्षरे. दुकानाच्या गादीवर हयात घालवलेले आजोबा मात्र कोणतीही वस्तू आधी उलटी करून पाहणार. खोक्याच्या तळाशी, बारीक अक्षरांत, ‘चीनमध्ये निर्मित’ असे लिहिलेले त्यांना आढळते.

“अरे, हे कॅनडाचे की चीनचे?”

“आजोबा, पुढे लिहिले आहे ना, कॅनडाचे!”

दोघांपैकी खोटे कोणीच बोलत नाही. पुढचे वाक्य लाकडाविषयी आहे, मागचे मजुरीविषयी. आणि पुढच्या वाक्याची शहानिशा तरीही करावीच लागते. सोयरीक जुळविताना कूळ आणि मूळ गाव विचारण्याची ज्या घरांत रीत आहे, त्या घरांनी या फळीचेही कूळ विचारून घेतलेले बरे. कारण मुलगा तिच्यावर उभा राहणार आहे, आणि तीही चालती असताना.

स्केटबोर्डाचे भाग मोजकेच आहेत. उभे राहण्याची फळी, तिला इंग्रजी वळणाने डेक म्हणतात, तिच्या खाली पुढे व मागे चार-चार स्क्रूंनी बसविलेले दोन आसांचे संच, चार चाके, प्रत्येक चाकात दोन याप्रमाणे आठ बेअरिंगे, आणि पाय घसरू नये म्हणून फळीच्या पाठीवर चिकटविलेला सँडपेपरसारखा खरखरीत कागद. आसांच्या संचाला या खेळात ‘ट्रक’ म्हणतात. महामार्गाकाठी राहणाऱ्या मौदेकरांच्या मनात या शब्दाने निराळेच चित्र उभे राहील. त्या दुसऱ्या ट्रकांविषयी पुढे लिहावे लागणारच आहे. या सर्व भागांत फळी हाच भाग असा, की ज्याचा आकार पाहून ती कोणत्या जमिनीसाठी घडली हे जाणकार सांगू शकतो.

प्रारंभी या फळीला आकार असा नव्हताच. १९५० च्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर लाटांवर स्वार होणारी मुले, समुद्र शांत असला की लाकडाच्या साध्या पाटाला चाकांच्या बुटांचे आस ठोकून रस्त्यावर तोच आनंद शोधीत. पाट अरुंद, सपाट. चाके प्रथम लोखंडी, मग मातीच्या मिश्रणाची. वाटेत खडा आला की चाक जागच्या जागी थांबे आणि मुलगा पुढे जाई. १९६० च्या दशकाच्या अखेरीस लॅरी स्टीव्हन्सन या उत्पादकाने फळीचे मागचे टोक वर वळविले. मागच्या पायाने ते दाबले की पुढची चाके उचलली जात आणि फळी जागेवर वळविता येई. पुढे १९७० च्या दशकाच्या आरंभी फ्रँक नॅसवर्दी याने पॉलियुरेथेनची चाके प्रचारात आणली. ती खड्यावरून मऊपणे निघून जात. खेळाचे भाग्य खऱ्या अर्थाने या चाकांनी उजळले.

त्यानंतर आकार बदलला तो दुष्काळामुळे. १९७६-७७ मध्ये कॅलिफोर्नियात तीव्र अवर्षण पडले. बंगल्यांतील पोहण्याचे तलाव कोरडे राहिले, आणि त्यांच्या गोलाकार सिमेंटी भिंतींवर मुले फळ्या चालवू लागली. उतारावरून वेगाने येऊन उभ्या भिंतीवर चढायचे, म्हणजे पायाखाली रुंद जागा हवी. म्हणून एरवी सहा इंचांच्या आसपास असलेली फळी दहा इंचांपर्यंत रुंदावली. विदर्भातील माणसाला अवर्षण म्हणजे कोरडी विहीर आणि करपलेली कपाशी एवढेच ठाऊक. त्यातून कोठे खेळाचे साहित्य घडले असेल, हे त्याला सहसा सुचणार नाही.

१९८० च्या दशकात मुले तलावातून पुन्हा रस्त्यावर आली. फ्लोरिडाच्या ॲलन गेलफंड याने १९७८ च्या सुमारास हात न लावता फळीसह उडी घेण्याची युक्ती साधली होती. रॉडनी मलन याने ती सपाट जमिनीवर आणली. मागचे टोक जमिनीवर आपटायचे, फळी उसळते, आणि पुढच्या पायाने ती हवेत सावरायची. या एका उडीवर आजचा सारा खेळ उभा आहे. उडी दोन्ही दिशांनी घेता यावी म्हणून १९८९ च्या सुमारास पुढचे टोकही मागच्यासारखेच वर वळविण्यात आले आणि थोड्याच वर्षांत सारा बाजार एका आकारावर येऊन स्थिरावला. सुमारे ३१ ते ३२ इंच लांब, साडेसात ते साडेआठ इंच रुंद, दोन्ही टोके गोल व उचललेली, मध्ये उथळ खोलगटपणा. कुल्फीच्या सपाट काडीसारखी ती दिसते म्हणून तिला ‘पॉप्सिकल’ असे नाव पडले. टोकियो ऑलिम्पिकमध्ये २०२१ साली स्ट्रीट प्रकारात सुवर्ण व रौप्य अशी दोन्ही पदके तेरा वर्षांच्या मुलींनी पटकावली, तेव्हा त्यांच्या पायाखाली हाच आकार होता. पुढच्याच वर्षी गुजरातमध्ये झालेल्या ३६ व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत याच प्रकारात महाराष्ट्राच्या श्रद्धा गायकवाड हिने सुवर्णपदक मिळविले. हा श्रीमंतांच्या घरच्या मुलग्यांचा शौक आहे, ही समजूत या दोन घटनांनंतर तरी आवरती घ्यावी.

इतर आकार नाहीसे झाले, असे मात्र नाही. केवळ इकडून तिकडे जाण्यासाठी ‘क्रूझर’ नावाची आखूड फळी असते. तिची चाके मोठी आणि मऊ. ऑस्ट्रेलियातील पेनी या कंपनीने २०१० नंतर २२ इंचांची रंगीत प्लास्टिकची फळी जगभर पोहोचविली. शाळकरी मुलांच्या दप्तराला अडकविलेली जी छोटी फळी दिसते, ती बहुधा तिची किंवा तिच्या नकलांपैकी एखादी असते. ती दिसायला गोजिरवाणी असली, तरी नवशिक्याला तिच्यावर पाऊल ठेवण्यास जागा अपुरी पडते. आकाराने लहान म्हणून लहान मुलास सोपी, हा हिशेब येथे चुकतो. याच्या उलट ‘लाँगबोर्ड’. ३३ इंचांहून अधिक, कधी चार फुटांपर्यंत लांब. काहींची टोके निमुळती, काहींत आस फळीला भोक पाडून त्यातून बसविलेले, त्यामुळे फळी जमिनीच्या जवळ येते आणि तोल सावरणे सोपे होते. उड्या मारण्यास ती निरुपयोगी, पण रस्त्यावरून संथ जाण्यास तिच्याइतकी भरवशाची दुसरी नाही.

आता हे सारे मौद्याच्या जमिनीवर ठेवून पाहिले पाहिजे. कठीण चाकांची पॉप्सिकल फळी गुळगुळीत सिमेंटसाठी घडलेली आहे. चाकांचा कठीणपणा अंकांत मोजतात. तिची चाके बहुधा ९९ए किंवा त्याहून कठीण आणि ५० ते ५४ मिलिमीटर व्यासाची असतात. गावातील अंतर्गत रस्ते सिमेंटचे झाले असले, तरी त्यांवर पाणी वाहून जावे म्हणून खरखरीत रेषा ओढलेल्या असतात, जागोजागी सांधे असतात आणि नळजोडणीसाठी खोदून बुजविलेले पट्टेही असतात. अशा रस्त्यावर छोटी कठीण चाके दातांची कवळी वाजावी तशी वाजतात आणि लहानसा खडा पुन्हा तोच जुना खेळ करतो. ७८ए ते ८७ए मऊपणाची, साठ मिलिमीटरच्या आसपासची चाके तेथे निभावतात. म्हणून नातवाला उड्याच शिकायच्या असतील आणि शाळेचे गुळगुळीत फरशीचे किंवा बॅडमिंटनचे सिमेंटी मैदान उपलब्ध असेल, तरच पॉप्सिकल घ्यावी; अन्यथा मऊ चाकांचा मध्यम क्रूझर, सुमारे २८ ते ३० इंचांचा, हाच शहाणपणाचा सौदा. खोक्यावरचे चित्र पाहून आकार निवडणे म्हणजे पाय न मोजता वहाणा घेणे होय.

महामार्ग आणि त्याच्या कडेचे सेवारस्ते या खेळासाठी नाहीत, हे निराळे सांगण्याची गरज पडू नये. पण सांगावे लागते. फळीला ब्रेक नसतो. थांबायचे ते पाय जमिनीला घासून, आणि ते शिकायलाच काही आठवडे जातात. समोरून भरधाव येणारा ट्रक तितके आठवडे वाट पाहत नाही.

आकाराचे एवढे झाले. लाकडाची गोष्ट याहून रंजक आहे. आजची चांगली फळी एकसंध लाकडाची नसते. सात पातळ थर एकावर एक चिकटवून ती घडवितात. १९७० च्या दशकाच्या मध्यास कॅनडातील विली विंकल्स याने मेपलच्या थरांची फळी घडविणाऱ्या आरंभीच्या कारागिरांत नाव मिळविले, आणि पन्नास वर्षांत या पद्धतीला तोडीस तोड पर्याय निघाला नाही. लाकूड घेतात ते शुगर मेपलचे, म्हणजे ज्याच्या रसापासून तिकडे पाक काढतात आणि ज्याच्या जातीचे पान कॅनडाच्या ध्वजावर आहे, त्या झाडाचे. अमेरिका व कॅनडाच्या सीमेवरील पंचमहासरोवरांच्या परिसरात हिवाळा दीर्घ आणि वाढीचा हंगाम अल्प. झाड वर्षाकाठी थोडेच जाड होते, त्यामुळे त्याची वलये दाट आणि लाकूड घट्ट बनते. हे लाकूड कठीण तर आहेच, शिवाय दाबले असता परत उसळते. मागचे टोक आपटल्यावर फळी जी उसळी घेते, ती या गुणामुळे.

ओंडका गरम पाण्यात किंवा वाफेवर मऊ करून यंत्रावर गरगर फिरवितात आणि लांब पाते त्याला टेकवितात. कापडाचा तागा उलगडावा तसा लाकडाचा सलग पापुद्रा बाहेर येतो. याला व्हिनिअर म्हणतात. जाडी सुमारे दीड मिलिमीटर. तो सुकवून लाकडातील ओलावा सहा ते आठ टक्क्यांवर आणतात. मग सात पापुद्रे गोंद लावून रचायचे, त्यांपैकी पाचांचे रेषे फळीच्या लांबीच्या दिशेने आणि दोहोंचे आडवे. लांबीचे रेषे उसळी देतात, आडवे रेषे फळी उभी चिरू देत नाहीत. ही रास वक्र साच्यात घालून दाबयंत्राखाली काही तास ठेवतात. एका वेळी बहुधा चार-पाच फळ्या. टोकांचा उठाव आणि मधला खोलगटपणा या दाबातूनच येतो. त्यानंतर आठ छिद्रे, कापणी, कडा घासणे, लाख-रोगण आणि चित्र.

गोंदाविषयी येथे दोन शब्द लिहिणे वाचकांना अप्रस्तुत वाटणार नाही. आपल्याकडील जुने सुतार जो सरस वापरीत तो जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला असे, आणि अनेक घरांना त्याचा विटाळ वाटे. फळ्यांच्या कारखान्यांतून आज वापरला जातो तो पाण्यात मिसळणारा कृत्रिम गोंद, सुताराच्या हातातील पांढऱ्या गोंदाच्या जातीचा. तेव्हा फळीबाबत शंका घेण्याचे कारण नाही. या खेळासाठी म्हणून विकले जाणारे बूट मात्र पुष्कळदा कातड्याचे असतात. कॅनव्हासचे मागून घ्यावेत.

मौद्याच्या माणसाला येथे स्वाभाविक प्रश्न पडेल, की आमच्या विदर्भाच्या सागाने काय पाप केले? चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांतील सागाची कीर्ती जुनी आहे. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये बल्लारशाहून साग गेला. दिल्लीच्या नव्या संसद भवनातही नागपूरकडचा साग आहे. ऊन, पाऊस, वाळवी यांस पुरून उरणारे असे लाकूड दुसरे नाही. पण दार आणि फळी यांची कामे वेगळी. दाराने जागच्या जागी शंभर वर्षे उभे राहायचे असते. फळीने दिवसातून शंभरदा आपटून उसळायचे असते. कठीणपणाच्या मापात शुगर मेपल सागापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने पुढे आहे. शिवाय ज्या नैसर्गिक तेलामुळे साग कुजत नाही, त्याच तेलामुळे गोंद त्याला नीट धरत नाही, आणि त्यातील वाळूसारख्या कणांनी पाती बोथट होतात. सात थरांची मदार गोंदावर असताना हे दोष जड जातात. आणि सागाच्या भावाचा विचार केला, तर तो लहान मुलाने रस्त्यावर आपटण्याची वस्तू नव्हे, हे कोणताही व्यापारी सांगेल.

सागाने नाही, तर बांबूने आशा धरता येते. लाँगबोर्डांत बांबूच्या पट्ट्यांच्या फळ्या जगात चांगल्या नावारूपास आल्या आहेत. त्या लवचिक असतात आणि खडबडीत रस्त्याचे धक्के सोसतात. उसळीत त्या मेपलची बरोबरी करीत नाहीत, पण आपल्याला जो आकार सोयीचा, त्याला उसळी नकोच आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गावाने २०११ मध्ये आपल्या वनातील बांबू विकण्याचा हक्क मिळविला. २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन वनाबाहेर लावलेला बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळला गेला, आणि शेतकऱ्याच्या मागची तोडणी-वाहतुकीच्या परवान्यांची कटकट कमी झाली. चंद्रपूरजवळ चिचपल्ली येथे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्रही आहे. तेथील कारागिरांच्या हातून टेबले, दिवे, शोभेच्या वस्तू बाहेर पडतात. एखाद्या उद्योगी तरुणाने चार चाकांकडेही पाहावे, असे हे साहित्य आहे.

मेपल तेथे उगवते, म्हणून फळ्या तेथेच बनतात का? एकेकाळी बनत. कॅलिफोर्नियात आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर लहान-मोठे कारखाने होते, आणि थोडे आजही आहेत. पण या धंद्यात यंत्र स्वस्त आणि हात महाग. पापुद्रे निवडणे, रचणे, कडा घासणे ही कामे माणसेच करतात. म्हणून १९९० नंतर उत्पादन मजुरीच्या उतारावरून खाली वाहत गेले. एक प्रवाह सीमा ओलांडून मेक्सिकोतील तिहुआना शहरात स्थिरावला. पॉल श्मिट यांच्यासारख्या नावाजलेल्या फळी-उत्पादकाने तेथे कारखाना थाटला, आणि दुकानांत वेगवेगळ्या चित्रांनी व नावांनी मिरविणाऱ्या कित्येक फळ्या वास्तविक त्याच शहरातील दोन-चार साच्यांतून उतरतात. दुसरा प्रवाह चीनला गेला. तेथील ग्वांगडोंग आणि झेजियांग प्रांतांत फळीपासून चाकापर्यंत सर्व भाग जवळजवळच्या कारखान्यांत होतात, आणि चाकांसह तयार संचांचा मोठा बाजार चीनच्याच हाती आहे. उत्तर अमेरिकेचा पापुद्रा जहाजाने चीनला जातो, तेथे दाबला जातो, आणि फळी होऊन पुन्हा समुद्र ओलांडते. आजोबांच्या हातातील खोक्यावरची दोन्ही वाक्ये अशी एकाच वेळी खरी असू शकतात.

‘असू शकतात’ एवढेच. असतातच असे नव्हे. चीनच्या ईशान्य भागातही मेपलची एक जात होते. ती हलकी आणि नरम. तिला ‘चिनी मेपल’ म्हणतात आणि खोक्यावर कधी नुसतेच ‘मेपल’ छापतात. त्याहून स्वस्त मालात मधले थर पॉप्लर किंवा तत्सम नरम लाकडाचे, वरचे दोनच थर बरे. आपल्याकडे हरियाणातील यमुनानगरच्या प्लायवूड उद्योगात पॉप्लर व निलगिरी वापरतात, आणि दारा-कपाटांना ते चालते. एखादा हौशी सुतार बारा मिलिमीटरच्या प्लायला चाके लावून देण्यास तयार होतो, त्याला नम्रपणे नकार द्यावा. प्लायवूडमध्ये थर आलटून पालटून उभे-आडवे असतात, सपाट, निर्जीव. ती फळी लवते, तडा धरते आणि नेमकी मुलगा उडीवर असताना दुभंगते.

क्रिकेटच्या बॅटीचे उदाहरण या संदर्भात विचार करण्यासारखे आहे. उत्तम बॅटीचे विलो लाकूड इंग्लंडमधून येते आणि बॅट मेरठ किंवा जालंधरला घडते. थंड देशाचे लाकूड आणि भारतीय हात यांचा हा संसार किती पिढ्या सुखाने चालला आहे. मग मेपलचे पापुद्रे आणून फळ्या येथे का दाबल्या जात नाहीत? कौशल्य नाही, असे म्हणता येणार नाही. बँकेच्या कर्ज विभागात असा प्रकल्प अहवाल आला, तर अधिकारी पहिला प्रश्न मागणीचा विचारील. क्रिकेटची बॅट गल्लीगल्लीत खपते. फळीला मोठ्या शहरांतील मोजक्या मैदानांचा आधार. कच्चा माल परदेशातून मोठ्या गठ्ठ्यात आणावा लागतो, त्याचे पैसे आधी द्यावे लागतात, तो आमच्या पावसाळ्यात ओलावा न धरता साठवावा लागतो, आणि तयार फळी हंगामात खपली नाही, तर भांडवल गोदामात अडकते. अशा गणितात व्याज शांतपणे नफा खाऊन टाकते. मागणी वाढल्यावर कारखाने निघतील, आणि मागणी मैदानांशिवाय वाढणार नाही.

मैदान काय करू शकते, याचा दाखला दूर शोधावा लागत नाही. खजुराहोच्या पार्श्वनाथ मंदिराच्या दर्शनास जाणाऱ्या यात्रेकरूंना शेजारचा पन्ना जिल्हा परिचित असेल. त्या जिल्ह्यातील जनवार या लहानशा आदिवासीबहुल खेड्यात उलरिके राइनहार्ड या जर्मन बाईंनी २०१५ मध्ये सिमेंटचे एक स्केटिंग मैदान उभारले. फळ्या मुलांना फुकट, अटी दोनच: शाळा नाही तर फळी नाही, आणि आधी मुली. त्याच गावची आशा गोंड २०१८ मध्ये चीनमधील नानजिंग येथे जागतिक स्पर्धेत भारताकडून उतरली. मौद्यापेक्षा कितीतरी लहान आणि गरीब गावाची ही गोष्ट आहे. आपल्या गावातील दानशूर मंडळी बाग, सभागृह, पाणपोई यांसाठी हात सैल सोडतात. दहा-पंधरा हजार चौरस फुटांचा गुळगुळीत सिमेंटी चौथरा, रहदारीपासून दूर, सकाळ-संध्याकाळ मुलांसाठी मोकळा, याची कल्पना अजून कोणाला सुचलेली दिसत नाही. सायकल, रोलर स्केट, दोरीच्या उड्या, साऱ्यांची त्यावर सोय होईल.

आता व्यवहार. खेळण्यांच्या दुकानात चाकांसह पूर्ण संच हजार-दीड हजारात मिळतो. अमेरिकेत नावाजलेली नुसती फळी, आस-चाकांविना, साठ-सत्तर डॉलरला पडते, आणि आपल्याकडेही अस्सल मेपलच्या नुसत्या फळीस तीन-चार हजार मोजावे लागतात. यावरून हजारांच्या संचातील फळीला काय वाट्याला आले असेल, ते कळते. तो संच टाकाऊ, असे मात्र म्हणवत नाही; सहा-सात वर्षांच्या मुलाने ओसरीवर हात धरून तोल शिकावा, एवढ्यापुरता तो ठीक आहे. पण दहा-बारा वर्षांच्या, पस्तीस-चाळीस किलो वजनाच्या मुलाला तो देऊ नये. युरोपात या वस्तूंसाठी ईएन १३६१३ नावाचे मानक आहे. त्यात २० ते ५० किलो आणि ५० ते १०० किलो वजनाच्या खेळाडूंसाठी असे दोन वर्ग केले आहेत. खोक्यावर तो वर्ग किंवा निदान कमाल वजन छापलेले नसेल, तर विक्रेत्याला विचारावे. उत्तर देता आले नाही, तर तेच उत्तर समजावे.

फळी हातात आल्यावर कड पाहावी. सात रेषा स्पष्ट मोजता याव्यात, त्यांत फट किंवा गोंदाचा फुगवटा नसावा. बोटाच्या पेराने वाजवावी. चांगली फळी टणक बोलते, नरम लाकूड भदभदते. आसांचे संच ॲल्युमिनियमचे असावेत. रंग दिलेले प्लास्टिक नखाने ओळखू येते. चाक नखाने दाबून पाहावे. काचेसारखे टणक, चकचकीत चाक बहुधा साध्या प्लास्टिकचे निघते. बेअरिंगाचा आकार जगभर एकच, ६०८ क्रमांकाचा, आत ८, बाहेर २२ आणि रुंदीला ७ मिलिमीटर. ते खराब झाले, तर नवा संच घेण्याची गरज नाही. नागपूरच्या बेअरिंगच्या दुकानात सुटे मिळते. स्वस्त संचाची चाके व बेअरिंगे बदलून तो काही काळ सुखाचा करता येतो. फळी मात्र बदलूनच घ्यावी लागते.

शिरस्त्राण, मनगटाचे व गुडघ्याचे पट्टे यांची किंमत संचाच्या किमतीत आधीच धरावी, नंतर नव्हे. पडताना माणूस हात टेकतो, त्यामुळे या खेळात मनगटाला इजा होण्याचा संभव मोठा. मनगटाचे पट्टे म्हणूनच घ्यावयाचे.

मेपलला पाणी मानवत नाही. आषाढ-श्रावणात फळी भिजली, की थर फुगतात आणि तिची उसळी कायमची जाते. वैशाखात बंद मोटारीत ठेवली, तर ती पिळवटते. पावसाचे चार महिने ती कोरड्या खोलीत, भिंतीला टेकवून न ठेवता खुंटीला टांगावी, बेअरिंगांना तेलाचा एकेक थेंब द्यावा, आठही स्क्रू आवळून पाहावेत, आणि दिवाळीच्या सुट्टीत रस्ते कोरडे झाल्यावर नातवाच्या हाती द्यावी. तोवर त्याचे वजन किती वाढले, तेही एकदा काट्यावर पाहून घ्यावे.